पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा रेझर

त्या सकाळी आमचे हे दाढी करून न्हाणीघरातून बाहेर आले आणि वर्तमानपत्र कुठे गेलं याचा मला उलगडा झाला. एका गालावर हवामान होतं, दुसऱ्यावर खेळाचं पान, आणि हनुवटीवर 'घर भाड्याने देणे आहे'. कापलं की कागदाचा कपटा चिकटवायचा, ही त्यांची जुनी पद्धत. पण हल्ली रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या सुरू होत्या, त्यामुळे हनुवटीवरची जाहिरात भिजून गळ्यावर ओघळत होती आणि हे मला शांतपणे विचारत होते, "चहा झाला का?"

नेमकी त्याच वेळी लेक दारात.

आमची लेक विमा कंपनीत आहे. कोण कशाने मरेल याचा दिवसभर अंदाज बांधायचा हेच तिचं काम, त्यामुळे तिला आमच्या घरात पायपुसणंही धोकादायक दिसतं. आम्ही दोघं तिला मागे 'हेडमास्तरीण' म्हणतो. पुढे म्हणायची छाती नाही.

"बाबा! कुणाशी मारामारी केलीत?"

"आरशात एक म्हातारा असतो. सुरुवात त्याने केली."

"हसण्यावारी नेऊ नका. दर खेपेला मी येते आणि तुम्ही असे, युद्धावरून आल्यासारखे. ते मशीन आणून दिलं होतं त्याचं काय झालं?"

"चांगलं आहे की. स्वेटरवरचे लोकरीचे गोळे छान निघतात."

ते खरंच होतं. दाढीचं इलेक्ट्रिक मशीन तिने मोठ्या हौसेने आणलं होतं. ह्यांनी ते एकदा गालावरून फिरवलं, 'गवत कापतात याने' म्हणाले आणि माझ्या स्वेटरच्या सेवेला रुजू केलं.

लेकीने पर्स टेबलावर ठेवली. तिने पर्स ठेवली की निकाल लागतो, हे मला तिच्या शाळेपासून ठाऊक आहे. "ऐका दोघंही. मी पुढच्या रविवारी येणार. एक जरी काप दिसला, तर एक तारखेपासून घरात माणूस ठेवायचा. एजन्सीशी मी बोलून ठेवलंय. सकाळी येईल, संध्याकाळी जाईल. दाढी, आंघोळ, गोळ्या, सगळं तोच बघेल."

"आणि मी काय बघू?" मी विचारलं.

"तू आराम कर, आई."

आराम! आमच्या दोन खोल्या. मी स्वयंपाकघरात वळले तर ह्यांना मागे सरकावं लागतं. त्यात एक धडधाकट परका माणूस दिवसभर बसणार म्हणजे तो आराम करणार आणि मी त्याला चहा करून देणार.

लेक गेल्यावर हे आरशासमोर जाऊन बसले. मग कपटे सोलत म्हणाले, "अगं, माणूस आला की मी पेशंट झालो. आज हात थरथरणारा पेंटर तरी आहे."

हसत म्हणाले असते तर मीही हसले असते.

*

यांना सगळे पेंटर म्हणूनच ओळखतात. दुकानांचे बोर्ड, दवाखान्यांच्या काचा, गाड्यांची दारं, शाळांच्या भिंती, सगळीकडे यांची अक्षरं होती. आता प्लॅस्टिकवर छापून येतं सगळं आणि अक्षरं अशी दिसतात की जणू सगळ्या दुकानांचा मालक एकच. पूर्वी बोर्ड बघून दुकानदाराचा स्वभाव कळायचा. हे चिकट माणसाच्या बोर्डावर अक्षरं दाटीवाटीने बसवायचे, सढळ हाताच्या माणसाला ऐसपैस. मापाला बोर्ड सारखेच.

पेंटरने दाढी ठेवायची नाही, ही यांच्या उस्तादांची शिकवण. ओल्या रंगात दाढीचा केस पडला की अक्षराला शेपूट फुटतं, म्हणायचे. उस्ताद स्वतः इतके गुळगुळीत असत की पहिल्यांदा भेटले तेव्हा मला ते आजारी वाटले होते. यांनी तो नियम असा पाळला की लग्नाच्या दिवशी, मुलगी झाली त्या दिवशी, ताप असताना, संप असताना, रोज सकाळी दाढी. एकदा सकाळच्या घाईत साबणाच्या वाटीऐवजी पांढऱ्या ऑइलपेंटच्या डब्यात ब्रश बुडवला आणि अख्खा गाल रंगवून घेतला. असा घोळ घालायलाही माणूस पेंटरच लागतो. तो रंग मी टर्पेंटाइनने काढला. पुढे कितीतरी दिवस यांच्या जवळ बसलं की दार नुकतं रंगवल्यासारखं वाटायचं.

उस्तादांनी जाताना यांना आपला रेझर दिला होता, पितळी आणि वजनदार. तो यांनी इतका वापरला की शेवटी आटे गेले, दांडा पिळला तरी डोकं डुगडुगायला लागलं. तेव्हापासून ते वापरून फेकायचे प्लॅस्टिकचे. भातुकलीतले वाटावेत असे, रंगही तसलेच. आणि यांची थरथर सुरू झाली तीही साधारण त्याच सुमाराला, म्हणून यांनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली.

"हलकी वस्तू हाताबरोबर नाचते," त्या रात्री जेवताना यांनी मला सिद्धान्त ऐकवला. "जड वस्तू हाताला गप्प बसवते. त्या नव्या दुकानाच्या खिडकीत एक स्टीलचा रेझर आहे. मी रोज बघतो. तो हातात आला की बघ."

"डॉक्टर तर वेगळं सांगतात."

"डॉक्टरने कधी बोर्ड रंगवलाय?"

या प्रश्नापुढे वैद्यकशास्त्राचं काही चालत नाही.

*

दुकान पुरुषांच्या शृंगाराचं होतं. आमच्या काळी पुरुषांचा शृंगार म्हणजे साबण आणि तुरटी. इथे दाढीला तेल, मिशीला मेण, मानेला वेगळी क्रीम, आणि काउंटरमागे एक तरुण, ज्याची दाढी अशी भरघोस आणि तुकतुकीत की तिच्यात कंगवा ठेवला तर आपोआप खाली घसरावा.

हे माझ्या कानात म्हणाले, "दाढीवाला रेझर विकतोय. टकल्याने कंगवे विकावेत तसं." यांची कुजबुज रस्त्यापलीकडे ऐकू जाते. तो तरुण हसला.

"काका, दाढी ठेवायची तरी कडेला रेझर लागतोच. हे बघा." त्याने मखमलीच्या पेटीतून तो रेझर काढला. "ही नुसती दाढी नाही काका, हा एक अनुभव आहे."

"अनुभव माझ्याकडे आहे भरपूर. रेझर दाखव."

रेझर देखणा होता, खोटं कशाला बोला. एकसंध स्टील, दांड्यावर बारीक खाचा, डोकं असं घट्ट बसायचं की सांधा नखाला लागेना. मी तो बोटावर आडवा तोलून बघितला, ब्रश घेताना बघायचे तसा. तोल डोक्याच्या जरा खाली होता. करणाऱ्याला काम कळत होतं.

"याला ब्लेड कुठलं लागतं?" मी विचारलं.

"साधंच, काकू. कुठलंही."

"म्हणजे कापणार ते साधं ब्लेडच. मग एवढे पैसे कशाचे?"

"वजनाचे, काकू. आणि कोनाचे. यात दाब द्यावा लागत नाही. रेझरचं वजनच काम करतं."

"वजनाने घ्यायचं तर आमच्या गल्लीतला भंगारवाला स्वस्त देईल."

"अगं, बोलू दे त्याला," हे म्हणाले. यांचे डोळे रेझरवरून हलत नव्हते. मला बघायला आले होते तेव्हा माझ्याकडेही इतकं टक लावून बघितलं नव्हतं.

"आणि काकू, हा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. नातवाला देता येईल."

"नातू तुझ्याच पंथातला आहे," हे म्हणाले. "त्याला द्यायचा तर रेझर नको, कोयता दे."

मी मात्र त्या पिढ्यान्‌पिढ्यांपाशी अडले. आमच्या वयात दुधाची पिशवी घेतानाही तारीख बघून विचार येतो की आधी दूध संपेल की आपण. आणि हा पोरगा आम्हाला अमर वस्तू विकत होता.

"ब्लेड न लावता फिरवून बघा की, काका," तो म्हणाला आणि त्याने गोल आरसा पुढे ओढला.

यांनी मान उंच केली. दुकानातल्या सगळ्या दिव्यांचा उजेड त्या स्टीलवर. गालावरून रेझर सरळ खाली आला, एका लयीत, आणि खरंच, हात जवळजवळ स्थिर. यांनी आरशातून माझ्याकडे विजयाने बघितलं. दुसरा गालही झाला. मग ते ओठाजवळ गेले.

तिथे हात वर उचलून धरावा लागतो, टेकायला काही नसतं. रेझर उडाला. दातांवर टकटक वाजला, अगदी बारीक, चमचा कपावर वाजावा तसा. यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा टकटक. तो तरुण एकाएकी तेलाच्या बाटल्या नीट लावू लागला. चांगल्या घरचा होता.

"घेऊन टाकू," हे म्हणाले.

आता प्रश्न किमतीचा राहिला नव्हता. नको म्हणावं, तर मी ते बघितलं हे यांना कळणार. घ्यावा, तर रविवारी मखमलीच्या पेटीसकट वरच्या ओठाचे दोन तुकडे आणि एक तारखेला दारात परका माणूस. पैसे देऊन आपणच आपल्या घरात केअरटेकर आणायचा.

"विचार करून सांगते," मी म्हणाले आणि यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

*

फुटपाथवर हे थांबले. मागून येणाऱ्या माणसांना आमच्याभोवती वळसा घालावा लागत होता.

"तू बघितलंस."

"काय?"

"तेच. ओठाजवळचं."

"नाही बाई. मी बाटल्या बघत होते."

"खोटं बोलताना तू 'बाई' लावतेस. नेहमी."

ते खरंच आहे.

"मग कशाला हवाय तो?" मी म्हणाले. "दिसतंय ना तुम्हालाही?"

"गालांपुरता. गाल मला जमतात. मान जमेल, बसून केली तर. नुसत्या त्या ओठाकरता आणि हनुवटीच्या खालच्या जागेकरता मी सगळाच्या सगळा त्या माणसाच्या ताब्यात जायचं?"

रस्त्याच्या कडेला एक बंद दुकान होतं, शटर नसलेलं, नुसती धुळकट काच. तीत आम्ही दोघं दिसत होतो, हे ताठ आणि मी गोळा झालेली. यांनी काचेवर बोट टेकवलं आणि रेघ ओढली. सवय. काच दिसली की यांना हात लावल्याशिवाय राहवत नाही. रेघ अर्थातच नागमोडी आली.

"काचेवर मी भरभर करायचो, नाही का?" हे म्हणाले. "कडेला रंग फुगायचा."

"फुगायचा म्हणजे! पसरायचा. मुंग्या चालल्यासारखा."

काचेची कामं आली की हे अक्षरं काढायचे आणि रंग जरा सुकला की मी मागून अर्धं ब्लेड घेऊन बसायचे. फुगलेल्या कडा कापत जायचं, अक्षराला धक्का न लावता. मुलगी मांडीवर असतानाही मी ते केलंय. लोक काचेसमोर उभे राहून म्हणायचे, पेंटर, काय धारदार कड आहे तुमची! आणि पेंटर मान लववून म्हणायचे, सराव आहे. मी बाजूला डबे पुसत असायचे. तेव्हा वाईट वाटायचं का? वाटायचं. पण पैसे एकाच डब्यात यायचे, आणि डबा माझ्या ताब्यात होता.

"कडा तू करायचीस," हे म्हणाले, काचेकडेच बघत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही धुळीला सांगितल्यासारखं.

मला कळलं ते काय मागतायत. तोंडाने मागणार नव्हते. मेले तरी नाही.

"ती काच होती," मी म्हणाले.

"मग?"

"काच बोलत नाही. काच मध्येच शिंकत नाही. काचेला अक्कल शिकवायची सवय नसते."

"मी गप्प बसेन."

"लग्नात पण म्हणाला होतात."

हे हसले. मग मी म्हणाले, "जा, घेऊन या. आणि त्या पोराला म्हणावं, एवढा जड रेझर घेतोय तर साबण फुकट दे."

साबण त्याने दिला. वर तुरटीही दिली. ती बहुधा काकूंच्या धाकाने.

*

आठवडाभर आम्ही सराव केला. रविवारच्या सकाळी लेक यायच्या आधी मी दार आतून लावलं, यांना खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, आणि ब्लेड मीच लावून दिलं. गाल यांनी स्वतः केले. जुनी पेंटरची काठी कोपऱ्यातून काढली होती, तीच, जिच्या टोकाला चिंध्यांचा गोळा असतो आणि बोर्ड रंगवताना जिच्यावर मनगट टेकतात. एक टोक खांद्याला, दुसरं खिडकीच्या चौकटीला लावून हे मनगट त्यावर सरकवत होते. रस्त्यावरून कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं म्हातारा व्हायोलिन वाजवतोय. पण गाल झाले. सुंदर झाले. कानशिलाजवळची रेघ तर अशी आली की त्यावर नाव लिहावं.

मग त्यांनी रेझर माझ्या हातात दिला. रोज द्यायचे तसाच, दांडा माझ्याकडे करून, बघायचं मात्र बाहेर.

मी त्यांचं नाक धरून वर उचललं. लोक म्हणतात बाईने नवऱ्याला मुठीत ठेवलं. आमच्या बाबतीत नाक हातात यायला आयुष्य गेलं.

"जरा हळू."

"गप्प बसायचं ठरलं होतं."

"गप्पच आहे. सुचवतोय."

"सुचवलंत तर मिशीची एक बाजू ठेवीन."

त्या तरुणाचं एक खरं होतं. दाब द्यावा लागत नव्हता. नुसता टेकवायचा, कोन सापडला की रेझर आपण होऊन चालू लागे, काचेवर ब्लेड चालायचं तसाच आवाज, करकर, पण मऊ. ओठाच्या खाचेत मी श्वास रोखला. यांनीही रोखला. हनुवटीच्या खाली कातडी ओढून धरली, सुरकुत्या एकेक करून सपाट केल्या. इतक्या जवळून मी यांचा चेहरा किती वर्षांत बघितला नव्हता. हनुवटीवर एक जुना व्रण होता. शिडीवरून पडले होते तेव्हाचा. मी विसरले होते. यांना साबणाचा वास येत होता, तसाच, पूर्वीसारखा, आणि मी उगाचच हनुवटीखाली आणखी एकदा रेझर फिरवला.

कुठेही काप नव्हता.

"ऐका," तोंड पुसताना मी बजावलं, "ती आली की सगळं तुम्ही केलं म्हणून सांगायचं. रेझर जड आहे, हात स्थिर राहतो, एवढंच. एक शब्द जास्त नाही."

"मला काय वेड लागलंय?"

*

लेक आली ती चष्मा लावून. यांना उजेडात बसवलं, डावीकडून, उजवीकडून, खालून, एखाद्या अपघातात सापडलेल्या गाडीची पाहणी करावी तशी तपासणी केली. बोटाने हनुवटी चाचपली. हे छत बघत बसले होते.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज निराळाच होता, "किती छान केलीत. ही ओठावरची जागा तर... काय सफाई आहे हो तुमच्या हाताला अजून!"

मी मनात देवाचे आभार मानले. आता नुसतं मान लववून 'सराव आहे' म्हणायचं होतं. आयुष्यभर म्हटलं होतं.

"ती कड हिची आहे," हे म्हणाले. "तुझ्या आईची."

मी कपाळावर हात मारला. बघा माणूस! गावभरच्या काचांवर कधी श्रेय दिलं नाही, आणि दिलं ते अशा मुहूर्तावर!

लेक माझ्याकडे वळली. "तू करतेस दाढी?"

"ओठ आणि हनुवटीखाली," मी म्हणाले. "गाल त्यांचे."

"म्हणजे बाबांना जमत नाही."

"दोघांना मिळून जमतं," हे म्हणाले.

"आणि आईचा हात थरथरायला लागला की?"

तिने ते हेडमास्तरणीच्या आवाजात नाही विचारलं. घाबरलेल्या पोरीच्या आवाजात विचारलं. मला उत्तर ठाऊक नव्हतं. ह्यांनाही नव्हतं, पण तेवढ्याने हे कधी गप्प बसलेले नाहीत.

"मग वाढवू," हे म्हणाले. "दोघंही."

लेक हसायला लागली, आणि हसता हसता चष्मा काढून पुसू लागली. मी तिच्यासमोर रेझर ठेवला. तिने उचलला, हातात तोलला, "बापरे, जड आहे," म्हणाली. किंमत विचारली. मी खरी सांगितली नाही. तिला विमा कंपनीत असून हार्ट अटॅक आला असता.

थोड्या वेळाने तिने पर्समधून फोन काढला आणि खिडकीपाशी जाऊन एजन्सीचा नंबर लावला.

"हॅलो, मी एक तारखेपासून माणूस सांगितला होता ना, वडिलांसाठी... हो, तेच, पेंटर. तो आता नकोय. हो, रद्द करा." मग ती ऐकू लागली आणि तिचा चेहरा लाल होत गेला. "नाही हो! अहो, नाही, तसं नाही! आहेत ते. व्यवस्थित आहेत. समोरच बसलेत... नाही, खरंच. दाढी करून बसलेत."

हे खुर्चीतून ओरडले, "अगं विचार त्यांना, हार पाठवणार होते का? पाठवा म्हणावं. दाढी केलीय, शोभून दिसेल."